वर्धा जिल्ह्यातील गोधडी आणि जुन्या कापडाचा इतिहास

वर्धा जिल्ह्याचा आर्थिक इतिहास आजवर मुख्यतः कापसाच्या अंगाने लिहिला गेला असून त्यात हिंगणघाटची बाजारपेठ, रेल्वे, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, गिरण्या आणि पुढे सेवाग्रामची खादी या साऱ्यांना यथायोग्य स्थान मिळाले आहे. मात्र येथून गाठी बांधून गेलेला कापूस कापड होऊन परत आला आणि अंगावर विरून गेला, त्यानंतर त्या कापडाचे काय झाले, या प्रश्नाकडे अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. त्याचे उत्तर बव्हंशी गोधडीत आहे. घरातील जीर्ण लुगडी, धोतरे, सदरे आणि चोळ्या एकमेकांवर अंथरून, धावदोऱ्याच्या म्हणजे कापडात सुई खालीवर नेत घातलेल्या साध्या टाक्यांच्या रांगांनी त्यांचे एकच जाड वस्त्र करणे, एवढीच तिची व्याख्या आहे. रजई किंवा लेप यांच्या पोटात पिंजलेला कापूस असतो, गोधडीच्या पोटात नसतो. कापसासाठी प्रसिद्ध असलेल्या या मुलखातील सर्वसामान्यांचे पांघरूण कापसाचे नसून जुन्या कापडाचे होते, यामागे साधे अर्थशास्त्र आहे. वेचलेल्या कापसाला बाजारात भाव होता आणि सावकाराचे देणे त्याच कापसातून फिटत असे, तर फाटलेल्या लुगड्याला बाजार नव्हता.

अंथरण्यासाठी केलेल्या जाड आणि जड प्रकाराला वाकळ म्हणत असून पांघरण्याच्या काहीशा हलक्या प्रकाराला गोधडी म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु बोलण्यात ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी येतात आणि वऱ्हाडी बोलीत गोधडीची ‘गोदरी’ही होते. तान्ह्या मुलासाठी दोन पदरी मऊ दुपटे शिवीत. त्यासाठी नवे कापड न घेता आजीचे किंवा आईचे वापरून मऊ झालेले लुगडेच निवडण्याची चाल होती, कारण कोऱ्या कापडाची खळ आणि ताठरपणा बाळाच्या अंगाला सोसत नाही.

गोधडीचा हंगाम उन्हाळ्याचा असे. कापसाची वेचणी आणि रब्बीची काढणी आटोपल्यानंतर, पावसाळी पेरणीपूर्वी जो सवडीचा काळ मिळतो, त्यात सारवलेल्या अंगणात किंवा ओसरीवर हे काम निघे. वेचणीवर राबणारे हात बहुतांशी स्त्रियांचेच असल्याने त्याआधी त्यांना उसंत मिळणे शक्यच नव्हते. वर्षभर जमवलेले गाठोडे सोडून प्रथम निवड होई. नऊवारी लुगड्याचा जो भाग सर्वांत कमी विरलेला तो तळाला आणि वरच्या बाजूला, फाटके पण रुंद तुकडे मधल्या थरांत, आणि अगदी लहान चिंध्या जिथे कापड पातळ राहिले असेल तिथे भरीला, असा साधारण क्रम होता. लुगड्याचे काठ विणीने घट्ट असल्यामुळे सर्वांत शेवटी झिजतात. म्हणून ते उसवून वेगळे ठेवीत आणि गोधडीची चारही बाजूंची किनार त्यांनीच बांधीत. थर सारखे बसावेत म्हणून कोपऱ्यांवर वरवंटा किंवा दगड ठेवून, लांब कच्च्या टाक्यांनी सारे टाचून घेतल्यावर खरी शिवण सुरू होई. ती पुष्कळदा कडेने निघून, चौकोनात चौकोन घालीत, बोटा-दोन बोटांच्या अंतराने मध्याकडे सरके. शिवणाऱ्या बायका त्याच कापडावर बसलेल्या असत आणि काम पुढे जाईल तशा आत सरकत. टाके जवळजवळ पडले तर गोधडी टिकाऊ पण कडक होते, लांब पडले तर मऊ राहते पण धुण्यात थर सरकतात; या दोहोंतील मध्य साधणे हेच कसब होते आणि रंगसंगतीचा विचार त्यानंतर येई. तो मुळी येतच नसे असे मात्र मानता येत नाही, कारण लाल काठाची पट्टी नेमकी मधोमध लावलेली किंवा दोन विजोड सदऱ्यांचे चौकोन एकाआड एक मांडलेले दिसते तेव्हा त्यामागे गरज नसून आवड आहे, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

या थरांत कोणते कापड येई, हे मात्र घराबाहेरच्या घडामोडींनी ठरत असे. वर्धा हा स्वतंत्र जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला, तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला होता आणि हिंगणघाटच्या ‘बनी’ या लांब धाग्याच्या देशी कापसाचा इंग्रज व्यापाऱ्यांत बोलबाला झाला होता. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि कापूस मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला, त्याच गाड्यांतून विलायती सूत आणि कापड उलट दिशेने येऊ लागले. तोवर या भागातील जाडेभरडे कापड गावोगावचे महार विणकर हातसुतावर विणीत, तर उंची काठांची लुगडी आणि धोतरे नागपूर, उमरेड, पवनी येथील कोष्ट्यांच्या मागांवरून येत. गिरणीच्या स्वस्त मालापुढे पहिला फटका हातसुताला आणि त्यावर जगणाऱ्या जाड्या कापडाच्या विणकरांना बसला. कोष्ट्यांनी गिरणीचे सूत वापरून आपला काठापदराचा माल काही काळ तगवला. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हिंगणघाट व पुलगाव येथेही गिरण्या उभ्या राहिल्या. गोधडीच्या दृष्टीने या उलथापालथीचा परिणाम असा, की गिरणीचे पातळ कापड लवकर फाटू लागले, पण स्वस्त असल्याने ते पूर्वीपेक्षा जास्त घरात येऊ लागले. म्हणजे थरांची संख्या वाढवावी लागली आणि ती वाढवण्यापुरते कापडही हाताशी आले. हातमागाच्या जाड पासोडीसारखे पांघरूण मागे पडत गेले तेव्हा त्याची जागा भरून काढण्याचे काम गोधडीवर येणे क्रमप्राप्त होते.

विसाव्या शतकात वर्धा हे वस्त्राविषयीच्या राष्ट्रीय विचाराचेच केंद्र बनले. विनोबा भावे १९२१ मध्ये येथे आले, जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून महात्मा गांधींनी १९३४ मध्ये वर्ध्याला मुक्काम हलवला, त्याच वर्षी जे. सी. कुमारप्पा यांच्या चिटणीसपदाखाली अखिल भारत ग्रामोद्योग संघ मगनवाडीत सुरू झाला, १९३६ मध्ये गांधी शेगावी म्हणजे पुढच्या सेवाग्रामला राहावयास गेले, आणि १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ची योजना पुढे आली, जिच्यात सूतकताई हा शिक्षणाचा प्रमुख हस्तव्यवसाय ठरला. या सर्व खटाटोपात लक्ष होते ते कापसापासून कापडापर्यंतच्या वाटेवर. त्यापुढची वाट, म्हणजे कापडापासून चिंधीपर्यंत आणि चिंधीपासून पुन्हा वस्त्रापर्यंतची, संघटित कार्यक्रमाच्या कक्षेबाहेर राहिली. यात उपेक्षेपेक्षा कार्यक्रमाचे स्वरूप अधिक कारणीभूत असावे. चरख्याला पेळू, मजुरीचे दर, विक्री भांडार आणि हिशेब लागत, म्हणून त्याला संस्था लागे. गोधडीला यांपैकी काहीच लागत नव्हते आणि ती कोणी विकतही नव्हते. स्वावलंबनाचा जो आदर्श ग्रामोद्योगाच्या पुरस्कर्त्यांना घडवून आणायचा होता, तो या एका बाबतीत खेड्यातल्या बायकांनी न सांगता आधीच गाठलेला होता, हे जरा गमतीचेच म्हटले पाहिजे.

गांधींना स्वतःला पांघरुणाच्या या बाजूचे भान होते. फाळणीनंतर, १९४७ च्या ऑक्टोबरात, दिल्लीच्या प्रार्थनासभांतून निर्वासितांसाठी पांघरुणे मागताना त्यांनी रजयांची बाजू घेतली ती याच हिशेबाने, की रजई उसवून तिचे कापड धुता येते, आतील कापूस हाताने पिंजून पुन्हा भरता येतो, आणि दव पडत असल्यास रात्री वरून जुनी वर्तमानपत्रे पसरली की ती भिजत नाही. विदर्भातील ग्रामीण स्त्रीला या युक्तिवादात नवे काही वाटले नसते. जुनी गोधडी जीर्ण झाली की तिला न उसवता नव्या गोधडीच्या पोटात घालण्याची पद्धत सर्वत्र होती, त्यामुळे एकाच वस्त्रात दोन पिढ्यांचे कपडे थराथराने साठलेले असत. अगदीच निकामी झालेली गोधडी बैलगाडीत बसायला अंथरली जाई आणि शेवटी तिचे पोतेरे होऊन ती सारवणाच्या शेणात संपून जाई.

जुन्या गोधड्या संग्रहालयांत क्वचितच आढळतात, याचेही कारण हेच. बंगालच्या कांथांचे नशीब निराळे ठरले. त्याही जुन्या साड्या-धोतरांच्याच, पण त्यांवर काढलेल्या चित्रमय भरतकामामुळे गुरुसदय दत्त यांच्यासारख्या संग्राहकाने त्या जमवल्या आणि कलेतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये त्यांवर निबंध लिहिला. त्याच्या काही महिने आधी, ३० डिसेंबर १९३८ रोजी, वर्ध्यात गांधींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले होते. ग्रामोद्योगाची साधने आणि खादी हा त्याचा विषय होता. वर्ध्याच्या वाकळीवर मोर, हत्ती किंवा कमळे नव्हती आणि कलेतिहासाची दृष्टी त्या काळी सरळ रेघांच्या टाक्यांवर थांबत नसे. मराठी गोधडीला स्वतंत्र, सचित्र ग्रंथ मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले आणि तेही काम गीता खंडेलवाल या स्वतः गोधडीकाम करणाऱ्या अभ्यासिकेने केले. दरम्यान चिंध्यांच्या वस्त्राला लोकमानसात प्रतिष्ठा मिळाली ती वेगळ्याच वाटेने, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांमुळे (१८७६–१९५६). ठिगळांचा वेष पाहून लोक त्यांना गोधडे महाराज आणि चिंधेबुवा म्हणत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची टंचाई इतकी वाढली, की १९४३ मध्ये सरकारला कापड आणि सूत यांवर नियंत्रण आणावे लागले. ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्दप्रयोग तेव्हाचा. अशा दिवसांत लुगडे गोधडीत जाण्यापूर्वी दंड घालून, म्हणजे मधला विरलेला भाग कापून दोन्ही चांगली टोके जोडून, आणखी काही काळ नेसले जाई.

टंचाईने गोधडीचे जे केले नाही ते पुढे मुबलकतेने केले. १९६० नंतर टेरिलीन, नायलॉन आणि टेरिकॉट हळूहळू खेड्यांत पोहोचले. हे कापड सहजासहजी फाटत नाही, घाम शोषत नाही, थरांत सरकते आणि दमट हवेत अंगाला चिकटते. त्याची गोधडी होते, पण उबेला आणि मऊपणाला ती कमी पडते. शिवाय न फाटलेल्या साडीला दुसरे गिऱ्हाईक होते. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात आली की स्टीलच्या पातेल्यापुढे गोधडीचे गाठोडे हरत असे. सोलापुरी चादरी आणि पानिपतचे ब्लँकेट स्वस्तात मिळू लागल्यावर गोधडी ही पाहुण्यांसमोर न काढण्याची वस्तू झाली आणि ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेली. काही ठिकाणी शिलाई यंत्रावर गोधड्या शिवून देणारे व्यावसायिक तयार झाले. यंत्राची शिवण सरळ आणि वेगवान असते, परंतु यंत्राच्या पायाखाली अनेक थर सरकवता येत नसल्याने आतले थर कमी करावे लागतात.

आज जो छंद म्हणून गोधडीकाम करतो, त्याचा कापडाशी संबंध उलटा आहे. पूर्वी घरात जे फाटेल त्याची गोधडी होई; आता मनात असलेल्या गोधडीसाठी कापड शोधले जाते. शिंप्याकडची कात्रणे, हातमागाच्या साड्या, ठशांचे सुती तुकडे, आणि वर्ध्यातच मगन संग्रहालयाच्या प्रयत्नांतून सेंद्रिय कापसापासून विणलेली, नैसर्गिक रंगांची खादी असा माल निवडून, रंगवार घड्या करून ठेवला जातो. कापड जमवण्याचा आनंद हा स्वतंत्र छंदच आहे आणि तो शिवण्याच्या वेगापेक्षा नेहमी पुढे असतो, ही तक्रार जगभरच्या गोधडीकारांत ऐकू येते. गाठोड्याची मर्यादा जुन्या गृहिणीला घरातील माणसांच्या संख्येने घालून दिली होती. छांदिष्टाला ती स्वतः घालावी लागते. कोऱ्या कापडाची एक अडचण मात्र जुन्या कारागिरणीला ठाऊकच नव्हती. खादी पहिल्या धुण्यात आटते आणि नैसर्गिक रंग पहिल्या पाण्यात थोडा सुटतो, म्हणून नवे तुकडे कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, दोन-तीनदा धुऊन, सावलीत वाळवून घ्यावे लागतात, नाहीतर पुरी झालेली गोधडी पहिल्याच धुण्यात सुरकुतते आणि गडद तुकड्याचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो.