कारखान्यातल्या आवाजामुळे येणारा बहिरेपणा: तपासणी, उपचार आणि कामगारांचे हक्क

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत वीस वर्षे काम केलेला माणूस कानाची तक्रार घेऊन दवाखान्यात येतो, तो बहुतेक वेळा बायकोच्या आग्रहाने. तो म्हणतो, "मला ऐकू येतंय की डॉक्टर." बायको म्हणते, "ह्यांना चारदा सांगावं लागतंय, आणि टीव्ही लावला की गल्लीभर ऐकू जातोय." दोघेही खरेच बोलत असतात. आवाजामुळे कान खराब होतो तेव्हा आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. हा फरक लक्षात न आल्याने कित्येक कामगार दहा-बारा वर्षे उशिरा तपासणीला येतात आणि तोपर्यंत गेलेले परत मिळण्यासारखे नसते.

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. प्रत्येक कानातल्या कॉक्लियात सुमारे १५ ते १६ हजार सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. ध्वनीच्या लहरी त्यांना हलवतात आणि त्या मेंदूकडे संदेश पाठवतात. मोठा आवाज रोज आठ तास कानावर पडला की या पेशी थकतात आणि पुढे मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला तीव्र स्वर ऐकणाऱ्या पेशी जातात. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि ते खालच्या पट्टीतले असतात, म्हणून ते ऐकू येतात. पण स, श, फ, च यांसारखी अक्षरे वरच्या पट्टीतली असतात. ती निसटतात. मग 'सात' की 'हात' हे ओठ पाहिल्याशिवाय कळत नाही. नातवंडांचे आणि बायकांचे बोलणे, फोनवरचे बोलणे आणि लग्नाच्या जेवणावळीतल्या गप्पा आधी अवघड होतात. समोर बसून एकट्याशी बोललात तर मात्र तोच माणूस व्यवस्थित उत्तर देतो, त्यामुळे घरच्यांना वाटते की तो मुद्दाम दुर्लक्ष करतो.

कोणाला धोका जास्त?

शिरोलीत ओतकामाचे आणि मशीन शॉपचे कारखाने शेजारी शेजारी आहेत, पण सगळ्या विभागांत आवाज सारखा नसतो. साच्यातून कास्टिंग झटकून काढायचा नॉकआउट, फेटलिंगमधले हवेवर चालणारे चिपिंग हॅमर, ग्राइंडर, शॉट ब्लास्टिंग आणि पॉवर प्रेस ही सर्वांत वाईट ठिकाणे. तिथला आवाज सहसा ९० डेसिबलच्या वर आणि कित्येकदा १०० च्याही वर असतो. मीटर नसेल तर एक सोपी खूण सांगतो. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज तुमच्या कानाला घातक आहे.

कारखान्यांच्या नियमांनुसार कान न झाकता ९० डेसिबलमध्ये दिवसाला जास्तीत जास्त ८ तास काम करता येते. ९५ ला ही मर्यादा ४ तासांवर येते, १०० ला २ तासांवर, १०५ ला १ तासावर आणि ११५ ला फक्त १५ मिनिटांवर. आता फेटलरची पाळी आठवा, वरून ओव्हरटाइम आठवा. माझ्या मते ९० ही मर्यादासुद्धा सैलच आहे. अनेक देशांत ८५ डेसिबललाच काळजी सुरू होते.

पाळी संपल्यावर कानात दडे बसल्यासारखे वाटणे, 'सूं' किंवा रातकिड्यांसारखा आवाज येत राहणे आणि सकाळपर्यंत ते कमी होणे ही पहिली सूचना. "सवय झाली, आता त्रास होत नाही" असे जुने कामगार सांगतात. कानाला आवाजाची सवय होत नाही. त्रास जाणवायचा थांबला, याचा अर्थ बऱ्याचदा तेवढ्या पेशी गेल्या असा असतो.

तपासणी कशी होते?

आधी डॉक्टर कानात पाहतात. मळाचा गोळा, पडद्याला भोक, वाहणारा कान यांमुळेही कमी ऐकू येते आणि यांतल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात. फाउंड्रीत काळी धूळ मळात मिसळून कान घट्ट बसलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. तो मळ काडीने, किल्लीने किंवा गरम तेलाने काढायला जाऊ नका. नंतर ट्यूनिंग फोर्कने दोष बाहेरच्या व मधल्या कानात आहे की आतल्या कानात, याचा अंदाज येतो.

मुख्य तपासणी म्हणजे प्युअर टोन ऑडिओमेट्री. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे बारीक सूर ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायचे असते. त्याचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. आवाजाने झालेल्या बहिरेपणात या आलेखाला ४००० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा पडतो आणि ८००० हर्ट्झला रेघ पुन्हा थोडी वर येते. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात ती वर येत नाही, खालीच उतरत जाते. दोन्ही कानांत खड्डा साधारण सारखा असतो. एकाच कानाला ठळकपणे कमी ऐकू येत असेल तर 'कारखान्यामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नये. ऐकण्याच्या नसेवर गाठ आहे का, हे पाहायला कान-नाक-घसा तज्ज्ञ एमआरआय सांगतात.

इथे एक गोष्ट तुमच्या हातात आहे. ही तपासणी पाळी संपल्या संपल्या करू नका. कानाला किमान १६ तास विश्रांती हवी, नाहीतर तात्पुरता थकवाही कायमचा दोष म्हणून नोंदला जातो. पहिली पाळी करून घरी आलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जाण्याआधी तपासणी करा. आणि कँटीनच्या कोपऱ्यात, शेजारी कॉम्प्रेसर चालू असताना घेतलेल्या शिबिरातल्या ऑडिओग्रामवर फार विसंबू नका. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. ईएसआयचे कार्ड असेल तर आधी तुमच्या ईएसआय दवाखान्यातून चिठ्ठी घ्या. अहवालाची एक प्रत घरी जपून ठेवा. नोकरीला लागतानाचा ऑडिओग्राम असेल तर तो सोन्यासारखा सांभाळा, कारण पुढचे सगळे त्याच्याशी ताडून पाहायचे असते.

रुग्णाला बटण दाबणे जमत नसेल किंवा उत्तरे जुळत नसतील, तर बेरा ही तपासणी करतात. त्यात डोक्याला तारा लावून नसेचा प्रतिसाद थेट मोजला जातो.

थांबायचे नाही अशा वेळा

एका कानाने अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणे कमी झाले, तर ती तातडीची बाब आहे. पुष्कळ लोक याला सर्दी किंवा मळ समजतात आणि मेडिकलमधून थेंब आणून घालतात. माझ्याकडे असाच एक लेथ ऑपरेटर पाच आठवड्यांनी आला होता. कान स्वच्छ, पडदा ठीक आणि आतला कान जवळजवळ गेलेला. या आजारात स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा पडद्यातून दिलेले इंजेक्शन उपयोगी पडू शकते, पण पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितके लवकर तितके चांगले. मधुमेह असेल तर साखर वाढते म्हणून काही वेळा रुग्णालयात दाखल करून हे औषध देतात. साखरेच्या भीतीने उपचारच टाळू नका. स्फोट किंवा हवेची पाइप फुटणे अशा एकाच जबर आवाजानंतर ऐकू येईनासे झाले, तरी त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जा.

दुसरी वेळ म्हणजे कानात ठिणगी जाणे. वेल्डिंगची किंवा ओतणीची तापलेली ठिणगी पडदा जाळते आणि असे भोक साध्या भोकापेक्षा भरून यायला नाखूश असते. कानात पाणी, तेल, दूध काही घालू नका. कान कोरडा ठेवून डॉक्टरांना दाखवा.

तिसरी वेळ वाहणाऱ्या कानाची. कानामागे सूज, चेहरा वाकडा होणे, चक्कर, जोराची डोकेदुखी किंवा ताप यांपैकी काही सोबत असेल, तर संसर्ग हाडापर्यंत किंवा त्याच्या पलीकडे पोहोचलेला असू शकतो. त्यासाठी दाखल व्हावे लागते.

उपचार काय?

स्पष्टच सांगतो, मेलेल्या पेशी जिवंत करणारी गोळी नाही. 'नसेची ताकद' म्हणून महिनोन्‌महिने जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेण्यात पैसे घालवू नका. आवाजापासून दूर गेल्यावर हा दोष आवाजामुळे पुढे वाढत नाही, ही यातली चांगली बाजू. म्हणून आज आहे तिथे त्याला थांबवणे हाच मोठा उपचार.

रोजच्या बोलण्यात अडचण येऊ लागली की श्रवणयंत्र घ्यावे. ते ऑडिओग्राम पाहून, ऑडिओलॉजिस्टकडून जुळवून घ्या. सगळे आवाज सारखेच मोठे करणारे स्वस्त यंत्र या बहिरेपणात उलट त्रास देते, कारण खालचे स्वर आधीच नीट ऐकू येत असतात. पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो. तेवढ्यावरून यंत्र कपाटात ठेवू नका. मात्र श्रवणयंत्र लावून फेटलिंगमध्ये उभे राहू नका. कानातला 'सूं' आवाज पूर्ण जातोच असे नाही. शांत खोलीत तो जास्त छळतो, म्हणून झोपताना पंखा किंवा हळू संगीत ठेवल्याने बरे वाटते. घरच्यांनी समोर येऊन, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलावे. ओरडण्याने शब्द स्पष्ट होत नाहीत.

कोणत्याही आजारासाठी रुग्णालयात दाखल झालात, तर 'मी आवाजात काम करतो, कानाचा त्रास आहे' हे डॉक्टरांना सांगा. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने, काही कर्करोगावरची औषधे आणि जास्त मात्रेतली काही लघवीची औषधे आतल्या कानाला इजा करू शकतात. गरज असेल तर ती द्यावीच लागतात, पण आधी माहिती असली की पर्याय पाहता येतो किंवा कानावर लक्ष ठेवता येते.

कानात काय घालायचे?

कापसाचा बोळा आवाज अडवत नाही. मोबाइलचे इअरफोन लावून, मशीनच्या वर गाणी ऐकू येतील इतका आवाज वाढवणे तर दुहेरी मार आहे. तरुण मुलांत हे वाढलेले दिसते. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो शोभेचा आहे. कान वाहत असेल तर प्लग घालू नका, बाहेरून बसणारा इअरमफ मागा.

सगळ्यात जास्त चूक होते ती मध्येच काढण्याची. ३० डेसिबल अडवणारा प्लग आठ तासांच्या पाळीत आवाजातच असताना अर्धा तास काढून ठेवला, तर दिवसभराचे संरक्षण सुमारे १२ डेसिबलवर येते. उरलेले साडेसात तास घाम गाळून घातलेला प्लग त्या अर्ध्या तासात वाया जातो.

नोकरीची भीती आणि कायदा

"तपासणीत काही निघालं तर काढून टाकतील" या भीतीने कंत्राटी कामगार तर कानाचा विषयच काढत नाहीत. ही भीती मी खोटी म्हणणार नाही. पण कागद नसेल तर उद्या हक्कही सांगता येत नाही. आवाजामुळे येणारा बहिरेपणा २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. त्या कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे असा रुग्ण आढळल्यास कारखान्याच्या व्यवस्थापकानेच नव्हे, तर तपासणाऱ्या डॉक्टरनेही कळवायचे असे. आम्ही डॉक्टर यात कमी पडतो, हेही कबूल करतो. म्हणून केसपेपरवर तुमचे काम, विभाग आणि किती वर्षे, हे लिहायला सांगा. नुसते 'कमी ऐकू येते' एवढ्याने पुढे काही होत नाही.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या राज्य विमा कायद्यातही हा आजार यादीत होता. अशा आवाजाच्या कामात सलग सहा महिने झाले असतील, तर तो कामामुळेच झाला असे कायदा धरून चालतो. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. किती टक्के क्षमता गेली हे वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्यावर लाभ मिळतो. ईएसआय लागू नसेल तर भरपाईचा दावा करता येतो; २०२५ पर्यंत तो १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याखाली होत असे.

अपंगत्वाच्या दाखल्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. २०१६ च्या कायद्यात बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांना ६० डेसिबल किंवा अधिक दोष असावा लागतो. कारखान्याच्या बहिरेपणात खालचे स्वर टिकून राहतात, त्यामुळे रोजच्या जगण्यात इतकी अडचण असूनही कित्येकांना तो दाखला मिळत नाही. तो नाकारला गेला म्हणून विम्याचा दावा सोडून देऊ नका. दोन्हींचे निकष वेगळे आहेत आणि दोन्ही ठिकाणी पहिला कागद तुमचा ऑडिओग्रामच असतो.