मॉडेल टी : बिडाच्या ठोकळ्यातील दप्तर

जुना कागद हाती आला की आपण प्रथम विचारतो, अस्सल की नक्कल? हाच प्रश्न जुन्या मोटारीलाही विचारता येतो. तिचे उत्तर झळाळत्या रंगात सापडत नाही. त्यासाठी इंजिन वाचावे लागते. आजचा धागा फोर्डच्या मॉडेल टीविषयी.

१९०८ साली डेट्रॉइटमध्ये सुरू झालेले हिचे उत्पादन १९२७पर्यंत चालले. दीड कोटींवर मोटारी निघाल्या. त्या काळी अनेक मोटारींचे सिलिंडर जोडीजोडीने ओतून मग शेजारी बसवीत. मॉडेल टीचे चारही सिलिंडर बिडाच्या एकाच ठोकळ्यात होते आणि वरचे झाकण बोल्ट काढून उचलता येई. त्यामुळे खेड्यातला लोहारही इंजिनाच्या अंतरंगात शिरू शकला. दुरुस्तीच्या खुणा हिच्यात इतक्या विपुल सापडतात त्या यामुळेच.

आधी सिलिंडर ओळखू. रेडिएटरलगतचा पहिला, चालकाकडचा चौथा. ठिणगीचा क्रम मात्र १-२-४-३ असा आहे. १-३-४-२ या क्रमाला सरावलेल्या मिस्त्रीने सवयीने तारा जोडल्या, तर इंजिन धडपणे चालतच नाही.

सिलिंडरचा मूळ व्यास ३.७५ इंच. वापराने भिंत झिजते; पण पिस्टनची कडी जिथवर पोहोचत नाही, त्या वरच्या टोकाशी मूळ धातूचा बारीकसा उंबरठा उरतो. जुन्या इंजिनात तो दिसला नाही आणि व्यास ३.७८ इंच भरला, तर सिलिंडर कधीतरी पुन्हा कातून मोठा केला आहे हे उघड होते. तोंडाशी केसासारखी गोल रेघ दिसली तर आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, ठोकलेली असते.

दुसरी खूण हिवाळ्याची. थंड प्रदेशात रात्री इंजिनातले पाणी काढून टाकावे लागे. ते राहून गेले की पाण्याचा बर्फ होऊन फुगे आणि पाण्याच्या कप्प्याची बाहेरची भिंत तडके. रंगाखाली पिवळसर रेघ लागली तर तो तडा पितळेने झाळलेला आहे असे समजावे. एखाद्या शेतकऱ्याची एका रात्रीची विस्मृती अशी शतकभर टिकून राहते!

कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग पांढऱ्या धातूचे असे. ते सैल झाले की टोपीच्या कडा कानशीने किंचित घासून पुन्हा आवळायच्या आणि टोपी बसवताना ठोशाच्या खुणा जुळवायच्या, ही रीत खुद्द फोर्डच्या पुस्तिकेत दिलेली आहे. खुणा उलटसुलट असतील, तर आपल्याआधी कोणीतरी घाईत हात घातला होता.

आता सर्वांत वादाचा पुरावा. इंजिनाच्या डाव्या बाजूस, पाणी शिरते त्या जागेच्या वर, क्रमांक ठोकलेला असतो. बहुतेक काळ हाच मोटारीचाही क्रमांक होता, म्हणून खरेदीदार त्यावरूनच तिचे वय ठरवतात. मात्र बहुतेक ठोकळ्यांवर ओतकामाची तारीखही उठावात असते, अमेरिकी रीतीने महिना, दिवस, वर्ष अशा क्रमाने. क्रमांक १९१७चा आणि ओतकाम १९२३चे, असे आढळले तर? लगेच लबाडीचा आरोप करू नये. ठोकळा निकामी झाल्यावर नवा बसवून त्यावर जुनाच क्रमांक ठोकीत, कारण मोटारीची सरकारी नोंद त्या क्रमांकावर असे. अशा वेळी दोन्ही नोंदी खऱ्या असतात, एक मोटारीची आणि एक लोखंडाची. क्रमांकाची जागा आरशासारखी घासलेली आणि आजूबाजूचे बीड मात्र खडबडीत असेल, तेव्हा संशयाला जागा आहे.

शिवाय मोटारींचे उत्पादन थांबल्यावरही सुटी इंजिने १९४१पर्यंत बनतच राहिली. १९३०नंतरचे इंजिन ज्या मॉडेल टीत आहे, तिचे पहिले इंजिन केव्हातरी, कोठेतरी भंगारात गेलेले असते.