अक्षरपुनरावृत्ती, जावास्क्रिप्टमधील

मजकुरात, म्हणजे स्ट्रिंगमध्ये, कोणते अक्षर एकाहून अधिक वेळा आले आहे हे शोधणे. प्रोग्रामरच्या मुलाखतीतला हा ठरलेला प्रश्न. उत्तरही ठरलेले : मजकुराचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची मोजणी मॅपमध्ये वाढवत न्यायची आणि एकापुढे गेलेले वेगळे काढायचे. पुनरावृत्ती आहे की नाही एवढेच हवे असेल, तर तुकडे सेटमध्ये टाकावेत. सेट दुबार नोंद घेत नाही, त्यामुळे संख्या घटली की उत्तर मिळाले. मॅप आणि सेट भाषेत 2015 च्या आवृत्तीत आले. रिपीट ही पद्धतही तेव्हाचीच, पण ती दिलेला मजकूर हव्या तितक्या वेळा जोडून देते. शोधाशी तिचा संबंध नाही.

रोमन लिपीत एवढ्यावर बहुधा भागते. देवनागरीत भागत नाही. प्रभादेवीच्या देवळाचे नाव घ्या : ‘सिद्धिविनायक’. वाचणाऱ्याला सहा अक्षरे दिसतात (सि, द्धि, वि, ना, य, क) आणि त्यांतले एकही दुसऱ्यांदा येत नाही. लेंग्थ मात्र 12 सांगते. जावास्क्रिप्ट 16 बिटांची एकके मोजते, आणि युनिकोडने व्यंजन, काना, वेलांटी, हलन्त यांना वेगवेगळे संकेतांक दिले आहेत. वरची रीत चालवली की निकाल येतो : ऱ्हस्व वेलांटी, तीन वेळा. चूक म्हणता येत नाही, पण विचारणाऱ्याच्या कामाचेही नाही. तीन ठिपक्यांचा स्प्रेड वापरला तरी आकडा 12 च. दोन एककांत मावणारे इमोजी तेवढे त्याने फुटायचे वाचतात.

दृश्य अक्षरे हवी असतील तर इंटल.सेगमेंटर वापरावा. त्यातही जोडाक्षरांचा प्रश्न होताच : जुन्या नियमांनी ‘द्धि’चे ‘द्’ आणि ‘धि’ असे दोन तुकडे पडत. 2023 मधील युनिकोड 15.1 ने देवनागरी जोडाक्षर अखंड धरले. म्हणजे इंजिन जुने असेल तर उत्तर सात, नवे असेल तर सहा.

शेजारच्या ‘दादर’चा पेच उलटा. सेगमेंटरच्या लेखी ‘दा’ आणि ‘द’ निराळे, म्हणून पुनरावृत्ती शून्य. शाळकरी पोर मात्र ‘द’ दोनदा आहे म्हणेल, आणि शब्दकोड्यासाठी त्याचेच खरे. तिथे एकके मोजून स्वरचिन्हे व हलन्त गाळणे सोयीचे. ‘तऱ्हा’सारख्या शब्दातला ‘ऱ’ एका संकेतांकात साठवलेला असतो किंवा ‘र’ आणि नुक्ता असा दोहोंत. मोजण्याआधी नॉर्मलाइझ चालवले नाही, तर एकच अक्षर दोन खात्यांत जाते.