खोली दाखविताना

गेल्या उन्हाळ्यात माझ्या घरावरची खोली रिकामी झाली. ती पाहायला एक तरुण आला. मी कुलूप काढले, खिडकी उघडली, नळ सोडून दाखविला. मग सहज विचारल्यासारखे विचारले, "नाव काय तुमचं?" त्याने नुसते पहिले नाव सांगितले आणि तो थांबला. ते थांबणे माझ्या ओळखीचे होते. चाळीस वर्षांपूर्वी नोकरीच्या गावी खोली शोधत हिंडताना मीही नेमका याच ठिकाणी थांबत असे. आता किल्ली माझ्या हातात होती, एवढाच फरक. तो गेल्यावर शेजारच्यांनी विचारले, "आपल्यातलाच आहे ना? नसेल तर नीट विचार करा." तेव्हा मला या प्रश्नाचा इतिहास आठवू लागला.

गावगाड्यात भाडेकरू नव्हता. माणसाने कुठे राहायचे हे त्याच्या जन्माने ठरलेले होते. महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर. तिथल्या झोपडीला भाडे नव्हते, पण तिची किंमत पिढ्यान्‌पिढ्या राबून चुकवावी लागे. शहराने भाडे आणले. महिन्याचे पैसे मोजा आणि राहा! या व्यवहारात जातीला तत्त्वतः जागा नाही. रुपयाला जात नसते, हा शहराने आपल्या पूर्वजांना दिलेला शब्द होता. तो शब्द शहराने पाळला काय?

१९१७ च्या सप्टेंबरमधील बडोदे डोळ्यांसमोर आणा. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर गायकवाड सरकारच्या नोकरीत रुजू होण्यासाठी तिथे उतरले, आणि त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर ते एका पारशी धर्मशाळेत गेले. रखवालदाराने वरची खोली दिली. पाहुणा पारशी नाही हे अंगावर सदरा-कस्ती नसल्यावरून त्याला कळले. पण धर्मशाळा ओस पडलेली होती आणि त्याला मिळकत हवी होती. नोंदवहीत पारशी नाव लिहायचे, राहण्याजेवणाचे रोज दीड रुपया द्यायचे, असे ठरले. म्हणजे रुपयाने आपला शब्द पाळला होता! तो शब्द मोडला समाजाने. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातांत काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे फर्मावून गेले.

त्या दिवशीचा पुढचा प्रसंग अधिक विचार करायला लावणारा आहे. बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. दोघांपैकी एकानेही 'मला तुम्ही नकोत' असे म्हटले नाही. बाबासाहेबांनी उरलेला वेळ सार्वजनिक बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

या प्रसंगात आपल्या समाजव्यवस्थेचे एक मर्म उघडे पडते. घर नाकारणारा माणूस स्वतःच्या नावाने कधी नाकारीत नाही. तो नकार नोकराच्या, पत्नीच्या, आईच्या, शेजाऱ्याच्या खात्यावर मांडतो. "माझं काही नाही हो, पण बाकीच्यांना चालायचं नाही," हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा आपला माणूस विरळा.

मुंबईत या नकारातून थोडी वाट निघाली ती मालक माणूस नव्हता तिथे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. परळच्या अशाच ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांनी अनेक वर्षे काढली. १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे सरकारने बी.डी.डी. चाळी उभारल्या. इथे भाडे सरकारजमा होई. दारात उभे राहून तोंड न्याहाळणारा घरमालक नव्हता. परंतु वस्ती मात्र बरीचशी जातीजातींच्या गटांनी झाली. १९७४ च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली तेव्हा एका आवारातल्या चाळी एकमेकींवर उठल्या. मालक बदलला, पण शेजार बदलला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर आपली शिकलेली पिढी नोकरीसाठी गावोगाव गेली. तिथे ट्रस्ट नव्हता, वाडा होता. आणि वाड्याच्या दारात मालक. आडनाव 'कर'कारान्त असले तर पुढचा प्रश्न ठरलेला: "मूळचे कुठले?" त्यातूनही निसटलात तर, "मटण-मासे चालतात काय?" १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर लावायची की पेटीतच ठेवायची, हाही भाड्याच्या खोलीतला प्रश्न झाला. बाबूराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे नावच 'जेव्हा मी जात चोरली होती' असे आहे. चोरी करायला कोणी भाग पाडले?

कायदा नाही असे नाही. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास वा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे हा त्याच्या चौथ्या कलमाने गुन्हा आहे. पण "खोली कालच गेली" या तीन शब्दांपुढे कलम काय करणार? सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. उच्चवर्णीय, दलित आणि मुसलमान नावांनी घरांची चौकशी करण्यात आली. दलित नावाला नकार आणि जाचक अटी अधिक मिळाल्या. मुसलमान नावाला त्याहून अधिक.

हा झाला त्यांचा इतिहास. आता आपला लिहायची वेळ आली आहे. आपल्यातल्या काहींची घरे झाली, वर एखादी खोली चढली. आता आपण खोली दाखवितो. तेव्हा आपण काय विचारतो? बौद्ध घरमालकाच्या दारात मातंग, पारधी, मुसलमान भाडेकरू आला तर आपली जीभ कुठे अडखळते? शेजारच्यांनी 'आपल्यातला' म्हटले तेव्हा क्षणभर मलाही बरे वाटले होते. नकार शेजाऱ्यांच्या खात्यावर मांडण्याची सोय माझ्यापुढे आयतीच आली होती. ती वापरली असती तर बडोद्याच्या त्या मित्रांत आणि माझ्यात अंतर ते काय उरले असते?

दुसऱ्या दिवशी मी त्या तरुणाला बोलावून घेतले. भाडे, अनामत, पाण्याची वेळ सांगितली. करार अकरा महिन्यांचा. आडनाव कागदावर येणारच होते. ते त्याने लिहिले, मी वाचले आणि खाली सही केली. शेजारच्यांना एवढेच सांगितले, की खोली माझी आहे आणि निर्णयही माझाच आहे.