पूना : एका विद्यापीठनगरीच्या इंग्रजी नावाचे अर्थ

पुणे : महाराष्ट्रातील जिल्ह्याचे मुख्य ठिकाण व विद्यापीठाचे शहर. मुळा-मुठेच्या संगमाजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. उंचीवर वसलेले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या आठव्या शतकातील ताम्रपटांत ‘पुण्यविषय’, ‘पूनकविषय’ असे उल्लेख आहेत. पुढे ‘कसबे पुणे’ आणि इंग्रजी अमलात ‘पूना’. शहराचा इतिहास, उद्योग, पेठा यांबद्दल अन्यत्र भरपूर मिळेल. प्रस्तुत नोंद ‘पूना’ या नावाला इंग्रजीत जे अर्थ चिकटले त्यांच्यापुरती आहे.

विद्यापीठाच्या गावाचे नाव वस्तूंना लागणे इंग्रजीला नवे नाही. ऑक्सफर्ड म्हणजे नाडीचा जोडा, शर्टाचे कापड, निळ्या रंगाची एक छटा, शब्दकोश आणि यादीतल्या शेवटच्या ‘आणि’आधीचा वादग्रस्त स्वल्पविराम. पुण्याला ‘पूर्वेचे ऑक्सफर्ड’ म्हणतात. हे बिरुद पं. नेहरूंच्या नावावर सांगितले जाते. तेव्हा इथेही वर्गातून आणि ग्रंथालयातून अर्थ फुटले असतील, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात इंग्रजीतला ‘पूना’ बहुतांशी लष्करात, म्हणजे कॅम्पात घडला. सदाशिव-नारायण पेठांचा त्यात हात जवळजवळ नाही.

कारण उघड आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली आणि गावाच्या पूर्वेला व उत्तरेला इंग्रजांच्या छावण्या बसल्या. मुंबईचा गव्हर्नर पावसाळा काढायला पुण्यात येऊ लागला. त्याच्यासाठी १८६० च्या दशकात बार्टल फ्रियरने गणेशखिंडीत प्रशस्त प्रासाद बांधायला घेतला. घोड्यांच्या शर्यती, क्लब, नाच, पोलो असा त्या हंगामाचा थाट असे. विलायतेत परतलेल्या माणसाच्या आठवणीतले पुणे हे एवढेच. त्याच गावात १८२१ पासून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा चालू होती, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले, याची त्याला फारशी खबर नसे.

सगळ्यात जुना अर्थ मात्र छावणीचाही नाही, तो इंग्लंडमधल्या दिवाणखान्यांतला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिकडच्या सुखवस्तू घरांतल्या मुली ‘पूना चित्रकला’ शिकत. कापलेल्या साच्यातून, जवळजवळ कोरड्या रंगाने, आखूड ताठ केसांचा कुंचला उभा धरून पातळ कागदावर फुले, फळे, पाखरे उमटवायची. ब्रशचा फटकारा दिसता कामा नये. कडेला रंग गडद आणि आत फिकट होत गेला की फळाला गोलाई येई. साच्याच्या पारदर्शक कागदाला ‘पूना कागद’ आणि कुंचल्याला ‘पूना कुंचला’ म्हणत. पूर्वेकडच्या कामाची ही नक्कल होती आणि नाव पुण्याचे लावले की माल पूर्वेकडचा वाटे, एवढाच तिचा पुण्याशी संबंध असावा. सदाशिव पेठेतल्या एखाद्या बाईंना हे दाखवले असते, तर त्यांनी रांगोळीच्या छाप्याशी तुलना करून नाक मुरडले असते.

खेळाच्या बाबतीत संधी हातची गेली. १८७० च्या दशकात पुण्यातले लष्करी अधिकारी जाळ्यावरून पिसांचे फूल मारायचा खेळ खेळत. त्याचे सुरुवातीचे नियम इथेच बसवले गेले आणि काही काळ त्या खेळालाच ‘पूना’ म्हणत. पुढे ग्लॉस्टरशरमधल्या ड्यूक ऑफ बोफर्टच्या बॅडमिंटन हाउसचे नाव त्याला चिकटले. तसे झाले नसते, तर ऑलिंपिकमध्ये आज पूनाची पदके वाटली गेली असती.

जो अर्थ इंग्रजीत खरा रुजला तो मात्र टिंगलीचा आहे. ‘पूना’ हे विशेषण म्हणून वापरले की हिंदुस्थानात नोकरी केलेला, लालबुंद चेहऱ्याचा, जुन्या वळणाचा, कुठल्याही गप्पांत ‘मी पुण्याला होतो तेव्हा’ अशी सुरुवात करणारा निवृत्त कर्नल समोर येतो. विनोदी लेखकांना आणि नटांना हा प्राणी दीर्घकाळ पुरला. बीबीसीवरच्या ‘गून शो’चा कर्ता स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये अहमदनगरला जन्मला आणि त्याचे लहानपण पुण्यात गेले, त्याच्या मेजर ब्लडनॉकमध्ये हा नमुना पुरेपूर उतरला आहे. गंमत अशी, की मराठीतल्या पुणेकराचीही कीर्ती उपदेश करण्याचीच. पण तो पगडीवाला आणि हा हॅटवाला. एकाच गावात राहून दोघांची ओळख झाली नाही.

लष्करातून आलेला दुसरा अर्थ अभिमानाचा. १८१७ मध्ये उभ्या राहिलेल्या घोडदळातून ‘पूना हॉर्स’ ही पलटण घडली. आता ती रणगाड्यांची आहे, नाव तेच. १९६५ च्या युद्धात ले. कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या तिच्या दोन अधिकाऱ्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. सैनिकाच्या तोंडी ‘पूना’ म्हणजे ही पलटण, शहर नव्हे.

राजकारणातला अर्थ येरवड्याचा. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा तुरुंगात गांधीजींच्या उपोषणाच्या दडपणाखाली करार झाला; डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघ सोडले आणि प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांसाठी ७१ ऐवजी १४८ राखीव जागा मान्य झाल्या. भारतीय राजकीय इंग्रजीत ‘पूना’ पाठोपाठ आजही बहुधा ‘पॅक्ट’ येतो, आणि तो शब्द शिवीसारखा वापरणारे जितके आहेत तितकेच तडजोडीचा दाखला म्हणून वापरणारे. कांशीराम यांनी कराराला ५० वर्षे झाली त्या दिवशी, १९८२ मध्ये, ‘चमचा युग’ हे पुस्तक काढले. राखीव जागांवरून निवडून आलेला प्रतिनिधी नेमका कुणाचा, हा त्यांचा प्रश्न याच कराराकडे बोट दाखवतो.

विद्वानांचा हिस्सा एकच, पण भारदस्त. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली आणि दोन वर्षांत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. विष्णु सीताराम सुखठणकरांनी १९२५ पासून त्याला शिस्त लावली. संपादकांनी १,२५९ हस्तलिखिते तपासली. ओळीओळीखाली पाठभेद छापले आणि १९ खंडांचे हे काम १९६६ मध्ये पुरे झाले. शिकागोच्या व्हान ब्यूटेनेनने भाषांतराला हाच पाठ घेतला. जगभरच्या संस्कृतज्ञांच्या लेखी ‘पूना’ म्हणजे ही आवृत्ती. कॅम्पाच्या मदतीविना गावाने इंग्रजीत मिळवलेला हा अर्थ आहे. या नोंदकाराच्या मते बाकीचे सगळे पुसले गेले, तरी एवढा राहावा.

१९७४ मध्ये रजनीश कोरेगाव पार्कात आले आणि नावाला आणखी एक अर्थ लागला. १९८१ मध्ये ते अमेरिकेला गेले, १९८७ मध्ये परतले. संन्यासी मंडळी या दोन कालखंडांना ‘पूना वन’ आणि ‘पूना टू’ म्हणतात. म्हणजे गाव वर्षे मोजायचे माप झाले. पश्चिम जर्मनीत त्या काळी ‘पूना’ म्हटले की भगव्या झग्यातले तरुण आठवत. तत्त्वज्ञ पेटर स्लोटरडाइकही तिथे राहून गेला.

बियाणांच्या अमेरिकी याद्यांत ‘पूना खीरा’ नावाची काकडी मिळते : कोवळेपणी पांढरट, मग पिवळसर, जून झाली की बटाट्याच्या सालीसारखी तपकिरी आणि जाळीदार, तरीही आतून करकरीत. सूक्ष्मजीवशास्त्रात साल्मोनेला जंतूंच्या प्रकारांना गावांची नावे देण्याची रीत आहे. त्यात ‘साल्मोनेला पूना’ आहे. २०१५ मध्ये या जंतूची साथ अमेरिकेतल्या ४० राज्यांत पसरली, ९०७ लोक आजारी पडले आणि ६ दगावले. साथ कशातून आली? मेक्सिकोहून आलेल्या काकड्यांतून. खीऱ्याचा त्यात काही दोष नव्हता.

स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरचा तो गणेशखिंडीतला प्रासाद विद्यापीठाला मिळाला. फेब्रुवारी १९४९ मध्ये पूना विद्यापीठ स्थापन झाले, बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. १९७८ मध्ये शहराचे इंग्रजी नाव अधिकृतपणे ‘पुणे’ झाले. विद्यापीठाने ते घेतले आणि २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण केले. पलटण, करार, आवृत्ती, काकडी आणि जंतू यांनी मात्र जुनेच स्पेलिंग ठेवले. विमानतळाचा पीएनक्यू हा संकेतही जुन्या नावाच्या काळातला. परिणाम असा, की इंग्रजीत आता ‘पुणे’ लिहिले की शहर आणि ‘पूना’ लिहिले की शहराबाहेरचे काहीतरी, अशी वाटणी झाली आहे.

‘पुणेरी’ हे मराठी विशेषण या सगळ्यापासून दूर होते. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पाट्यांना त्याची गरज पडली नाही. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा पुण्याच्या संघाचे नाव ‘पुणेरी पलटण’ ठेवले गेले, आणि समालोचकांच्या इंग्रजीत हा शब्द जसाच्या तसा येऊ लागला. १ मार्च २०२४ रोजी या संघाने हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून स्पर्धा जिंकली.