हॅरिएट टबमन : आख्यायिका आणि दप्तर

हॅरिएट टबमन यांनी एकोणीस खेपांत तीनशे गुलामांची सुटका केली, असे विधान दीर्घकाळ प्रचारात आहे. त्याचे मूळ सेरा ब्रॅडफर्ड यांनी लिहिलेल्या चरित्रांत सापडते. त्यांपैकी पहिले चरित्र १८६८ साली, टबमन यांना अर्थसाहाय्य व्हावे या हेतूने, घाईघाईने सिद्ध झाले होते. त्यामुळे त्यातील अतिशयोक्ती क्षम्य असली, तरी ती प्रमाण मानता येत नाही. केट क्लिफर्ड लार्सन यांनी २००४ च्या चरित्रग्रंथात मूळ कागदपत्रे ताडून पाहिली, तेव्हा खेपा सुमारे तेरा व सुटलेली माणसे सुमारे सत्तर ठरली. नवल असे की, १८५८-५९ च्या सभांत टबमन स्वतः आठ-नऊ खेपा व पन्नास-साठ माणसे एवढेच सांगत असत. अर्थात त्या निरक्षर स्त्रीचा हिशेब चोख होता. फुगविला तो इतरांनी.

या चरित्राचा अभ्यास करताना एक विलक्षण अडचण येते. पूर्वायुष्याचे लेखी पुरावे बहुतांशी मालकवर्गाच्या दप्तरातले आहेत. जन्मवर्ष १८२२ च्या सुमाराचे मानण्यास आधार आहे तो, त्यांच्या आईच्या प्रसूतीबद्दल सुइणीला दिलेल्या पैशांच्या एका नोंदीचा. १८४९ च्या सप्टेंबरात त्या दोन भावांसह मेरिलंडमधून निघाल्या, हे समजते मालकिणीने दिलेल्या जाहिरातीवरून. तीत ‘मिंटी’ या नावाने त्यांचा उल्लेख असून वय सुमारे सत्तावीस दिले आहे. राज्याबाहेर पकडल्यास प्रत्येकी शंभर डॉलर बक्षीस! पुढे लोकप्रिय झालेल्या चाळीस हजार डॉलरांच्या कथेशी हा आकडा ताडून पाहावा. भाऊ भयाने परतले. थोड्याच दिवसांत टबमन एकट्या पेन्सिल्व्हेनियास पोचल्या.

१८५४ च्या नाताळातील खेप त्यांची कार्यपद्धती उत्तम रीतीने दाखविते. तीन भावांची विक्री सणानंतर व्हावयाची होती. टबमन यांनी जेकब जॅक्सन या साक्षर व स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थास सांकेतिक पत्र लिहवून पाठविले. टपाल तपासणाऱ्यांना अर्थ लागला नाही. जॅक्सन यांनीही अजाणतेपणाचे सोंग घेतले व निरोप पोचता केला. भाऊ वडिलांच्या झोपडीनजीक कडब्याच्या कोठारात लपले. मुले जेवावयास येतील म्हणून आई वाट पाहत होती. पण तिला शोक आवरणार नाही या भीतीने कोणी तिला कळविले नाही. वडिलांनी अन्न आणून दिले, निघताना डोळ्यांवर रुमाल बांधून काही अंतर सोबत केली. उद्या विचारणा झाल्यास ‘मुलांना पाहिले नाही’ हे उत्तर खोटे ठरू नये, एवढाच त्यात हेतू. ही मंडळी २९ डिसेंबरला फिलाडेल्फियास पोचल्याची नोंद विल्यम स्टिल यांच्या दप्तरात आहे.

जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला, हे आपणांस परिचित आहे. विल्मिंग्टनचे थॉमस गॅरेट हे अशा लोकांपैकीच. तथापि या खेपेचा आरंभ पाहिला, तर सूत्रे हलविणारे हात गुलामांच्या आप्तस्वकीयांचे व शेजाऱ्यांचे दिसतात. सत्तर हा आकडा म्हणूनच लहान वाटत नाही. एकेका माणसामागे असा निरोप, असे मौन आणि असा रुमाल होता.

यादवी युद्धात, २ जून १८६३ रोजी, कर्नल जेम्स माँटगोमेरी यांच्या तुकडीस टबमन यांनी दक्षिण कॅरोलायनातील कंबाही नदीवर मार्गदर्शन केले व सातशेंहून अधिक लोक एका मोहिमेत सुटले. या कामगिरीच्या मोबदल्याचा पाठपुरावा मात्र त्यांना सुमारे तीन दशके करावा लागला. अखेर १८९९ साली काँग्रेसने दरमहा वीस डॉलर मंजूर केले : आठ सैनिकाची विधवा म्हणून, बारा परिचारिका म्हणून. हेर म्हणून केलेल्या सेवेचा त्यात उल्लेख नाही.