उटण्याची वाटी

नरकचतुर्दशीची पहाट आठवा. बाहेर अजून अंधार असतो. चुलीवर पाण्याचा हंडा तापत असतो. न्हाणीतल्या दगडाशेजारी दोन वाट्या मांडलेल्या असतात. एकीत कोमट तेल, दुसरीत उटणे. थंडीने कुडकुडणारे लेकरू पाटावर बसते आणि आई त्याच्या पाठीला तेल लावू लागते. लातूर-नांदेडकडच्या कितीतरी घरांतून हे चित्र वर्षानुवर्षे दिसत आले आहे. त्यातल्या त्या दुसऱ्या वाटीची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे.

उटणे हा शब्द संस्कृत उद्वर्तनापासून आला. उद्वर्तन म्हणजे अंग चोळून मळ काढणे. हिंदी-उर्दूतले उबटन हे त्याचेच भावंड. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा जो क्रम दिला आहे तो असा: आधी अभ्यंग, मग व्यायाम, मग उद्वर्तन आणि शेवटी स्नान. उद्वर्तनाने कफ आणि मेद कमी होतो, अवयव घट्ट होतात, त्वचा प्रसन्न होते, असे तो ग्रंथ सांगतो. त्वचा प्रसन्न होते, हे शब्द ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

हा विचार ग्रंथातून राजवाड्यात कसा नांदत होता, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लास नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे साल ११२९ च्या सुमाराचे मानतात. राज्यकारभारापासून खाण्यापिण्यापर्यंत शंभर विषय त्यात आहेत, आणि राजाच्या उपभोगांत स्नानभोग व विलेपनभोग यांना स्वतंत्र जागा आहे. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यातले. पण परका मुलूख म्हणून तिच्याकडे पाहू नये. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे आजच्या लातूर जिल्ह्यातले तालुके १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. देगलूरजवळच्या होट्टलची देवळे आजही त्याच चालुक्यांच्या काळाची साक्ष देत उभी आहेत. तेव्हा सोमेश्वराची न्हाणी ही काही फार दूरची नव्हे.

राजाच्या न्हाणीत सुगंधी तेले होती, अंग रगडणारी माणसे होती. कुणब्याच्या न्हाणीत ती कुठून येणार? पण मौज अशी की राजाचे चंदन-केशर मागे राहिले आणि उटण्याची रीत मात्र शेतकऱ्याच्या घरी आली. येताना तिने शेतातलाच माल उचलला. हरभरा रानातला, तीळ रानातले, तेल तिळाचे नाहीतर करडईचे. हळद नांदेड-वसमतच्या बाजूची. त्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि लातूरची बाजारपेठ तर डाळींवरच वाढली. डाळ भरडताना जी चुरी आणि पीठ उरे, ते न्हाणीत जाई. दुधावरची साय चमचाभर घातली की वाटी तयार.

या साध्या वाटीत शास्त्र भरलेले आहे, बरं का. कोरडे पीठ अंगावरचे तेल शोषून घेते आणि तेलाबरोबर धूळ व मळ निघून येतो. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो; तो साधारण चार आठवड्यांनी नवा होत राहतो. पिठाचे बारीक कण त्यातला सुटत आलेला भाग हलकेच काढून घेतात. त्यात आपल्या भागातल्या विहिरीचे आणि बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट चिकट साका अंगावर बसतो. डाळीच्या पिठाला ही अडचण नाही.

पण वाटी सगळ्यांच्या घरी होती, असे म्हणणे खरे होणार नाही. ज्या घरात भाकरी मोजून वाढली जाई, तिथे डाळीचे पीठ अंगाला लावणे ही चैन होती. तिथे काळी माती असे, टाचा घासायला वजरी असे, आणि सणालाच काय ते चिमूटभर उटणे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आयाबायांची लेकरे सुकडीवर राहिली. त्यांना उटण्याची गोष्ट कोण सांगणार? आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा वाटी भरलेली आणि बादली रिकामी, अशी घरोघर गत झाली. अभ्यंगस्नान हे पाण्याच्या सुबत्तेवर उभे आहे, ही गोष्ट इतिहास सांगताना विसरता कामा नये.

वाटीचे मानाचे प्रसंग तीन: दिवाळी, बाळंतपण आणि लग्न. संक्रांतीच्या थंडीत तिळाचे वाटण अंगाला लावण्याची चाल आहे, तीही याच कुळातली. लग्नाच्या हळदीला तर जातधर्माची कुंपणेही फारशी नाहीत. आपल्याकडच्या मुसलमान घरांतून लग्नाआधी मांझा होतो, तेव्हा नवरीला पिवळी वस्त्रे नेसवून उबटन लावतात. हैदराबादेपासून नांदेडपर्यंत ही रीत एकच. शब्द दोन, पण वाटी तीच.

मग साबण आला. १८८८ साली विलायतेतल्या लिव्हर कंपनीच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. पुढे अंगाचे साबण निघाले, आणि रोजची वाटी हळूहळू सणापुरती राहिली. साबण स्वस्त, झटपट आणि एकट्याने लावता येणारा. उटण्याला दुसऱ्याचा हात लागतो, निदान पाठीपुरता तरी. यात साबणाला दोष देण्याचे कारण नाही. सकाळी सातच्या एसटीने कामाला जाणाऱ्या बाईने वस्त्रगाळ चूर्ण केव्हा करावे?

दोष आहे तो दुसऱ्या ठिकाणी. उटण्याने अंग स्वच्छ होते, मऊ होते, हे ठीक. पण केव्हातरी त्याला गोरेपणाची आशा चिकटली, आणि ती आशा पोरींच्या जिवावर उठली. माझ्या नात्यातल्या एका मुलीचे लग्न लवकर जमेना, वर्णाने सावळी. घरातल्या बायकांनी दोन महिने रोज तिच्या तोंडाला हळद आणि लिंबू चोळले. रंग होता तोच राहिला. गालावर मात्र लाल चट्टे उठले, त्यांचे काळे डाग झाले, आणि ते जायला वर्ष लागले. मुलगी तेव्हा काही बोलली नाही. पुढल्या दिवाळीत मी वाटी घेऊन गेले, तेव्हा एवढेच म्हणाली, ‘‘मावशी, मला नका लावू.’’ त्या वाटीत मीही एकदा-दोनदा लिंबू पिळले होते. मला उत्तर सुचले नाही.

कातडीचा रंग तिच्यातल्या मेलॅनिन या रंगद्रव्याने ठरतो. ते कोणत्याही डाळीने निघत नाही, आणि काढण्याचे कारणही नाही. वाग्भटाने प्रसन्न त्वचा सांगितली होती. गोरेपणा आपण पदरचा घातला.

आता कोणाला घरी उटणे करायचे असेल, तर कृती अगदी सोपी आहे. मसूर किंवा हरभऱ्याची डाळ मंद आचेवर जराशी शेकून घ्यावी आणि दळावी. वाटीभर पिठाला चमचाभर आंबेहळद, चमचाभर नागरमोथ्याचे चूर्ण आणि मिळाल्यास थोडा वाळा पुरे. सगळे वस्त्रगाळ करावे; रवाळ पिठाने कातडीला बारीक ओरखडे पडतात. कोरडे चूर्ण घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि लागेल तेवढेच दुधात किंवा पाण्यात कालवावे. कालवलेले शिळे उटणे वापरू नये. हळद ओळखीच्या ठिकाणची घ्यावी, कारण फार झगझगीत पिवळ्या हळदीत शिसे असलेला रंग मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. लिंबू टाळावे. पहिल्यांदा कोपराच्या आत थोडे लावून एक दिवस पाहावे. आणि तान्ह्या बाळाला पिठाने रगडू नये. त्याची लव आपोआप जाते. त्याची कातडी फार नाजूक असते. जन्मानंतर पहिले चोवीस तास तर बाळाला आंघोळच घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

एवढे पथ्य सांभाळले, तर ही वाटी अजून पुष्कळ वर्षे टिकेल. माझ्या त्या भाचीला आता मुलगी आहे, तिच्यासारखीच सावळी. गेल्या दिवाळीला पहाटे तिने लेकीला पाटावर बसवले, हलक्या हाताने उटणे लावले आणि ऊन पाण्याचा तांब्या ओतला. रंगाचे एक अक्षर तिने काढले नाही. पोर मात्र म्हणत होती, ‘‘आई, पाठीला अजून लाव ना.’’